आधी कुणाचा रस्ता?

(८ मार्चच्या निमित्तानं झालेल्या आमच्या मेळाव्यातल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

आजच्या मेळाव्याचा विषय 'शहर आणि स्त्रिया' असा आहे. माझ्याआधी दोघीजणी बोलल्या. एक पाण्यावर बोलली, एक स्वच्छतागृहांवर. दोघींनीही आपल्या रोजच्या जगण्यातलं सांगितलं. मी मात्र बर्फावर बोलणार आहे. मागे कुणीतरी हसलं ते मला ऐकू आलं. बरोबरच आहे. आपल्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा, नाहीतर मासळीबाजारातला. पण थोडा धीर धरा. बर्फातून मी तुम्हाला आपल्याच गल्लीत आणून सोडणार आहे.

२०१८ च्या नोव्हेंबरात मी लेकीच्या बाळंतपणाला स्टॉकहोमला गेले. स्वीडनची राजधानी. शहराच्या उत्तरेला किस्टा नावाचा भाग आहे, तिथे संगणक कंपन्यांची कार्यालयं आहेत आणि आपल्याकडची बरीच मुलंमुली तिथे कामाला असतात. त्याच बाजूला लेकीचं घर. तीन महिन्यांचा व्हिसा. सामानात अळीव, डिंक, बाळंतशोपा, सुती लंगोटांचा गठ्ठा. पायात मात्र मी इथेच घेतलेले खेळाचे बूट. घरात हीटर असतो, बाहेर गाडीनं जायचं, मला कुठे चालायचंय, असा माझा हिशोब.

हिशोब पहिल्याच आठवड्यात चुकला. लेकीकडे गाडी नव्हती. लागतही नव्हती. बस होती, भुयारी रेल्वे होती, पण स्टेशनपर्यंत, बसथांब्यापर्यंत, दुकानापर्यंत सगळं पायी. तिथे डिसेंबरात सूर्य उगवतो पावणेनऊच्या सुमाराला आणि तीन वाजायच्या आत मावळतो. म्हणजे आपली दुपारची झोप होते तेवढ्यात संध्याकाळ. आणि या अंधारात, बर्फात, बायका बाबागाड्या ढकलत निघालेल्या. बाळांना तिथे थंडीतसुद्धा बाहेर गाडीत झोपवतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्या आईला हाक मारून सांगावंसं वाटलं, की अगं, बाळाला घरात घे! दोन महिन्यांनी मी स्वतः नातवाला असंच गुंडाळून बाहेर झोपवत होते.

आता आमची रोजची फेरी सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्या फेरीत आहे. घरातून निघायचं, बाळाचं वजन करायला बालआरोग्य केंद्रात जायचं. तिथून औषधाच्या दुकानात. तिथून किराणा. मधे लेकीला पाठ टेकायला म्हणून वाचनालयात दहा मिनिटं. मग ओझं घेऊन परत. एका फेरीत चार थांबे, एक बाबागाडी, दोन पिशव्या. जावयांची फेरी वेगळी. घर ते स्टेशन, स्टेशन ते ऑफिस, आणि संध्याकाळी उलट. सरळ रेघ. आमची मात्र रांगोळीतल्या ठिपक्यांसारखी, इथून तिथे, तिथून आणखी तिथे. तुमच्यापैकी प्रत्येकीनं आज सकाळी इथे यायच्या आधी कुठे कुठे पाय लावला ते आठवा. शाळा, गिरण, सासूबाईंचं औषध, भाजी. ती रांगोळीच आहे.

बर्फात चालणं कसं असतं ते थोडं सांगते. चित्रातला बर्फ मऊ असतो. ताज्या, भुसभुशीत बर्फातून चालताना दम लागतो, पण माणूस सहसा पडत नाही. पडतो तो नंतर. बर्फ तुडवला जातो, दबतो, दुपारी जरा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो, आणि सकाळी त्याची काच झालेली असते. वर पाण्याचा पातळ थर आला तर विचारूच नका. कडाक्याच्या थंडीपेक्षा शून्याच्या आसपासची थंडी जास्त पाडते, हे मला तिथे कळलं. तिथली माणसं अशा वेळी छोटी छोटी पावलं टाकतात, हात खिशाबाहेर ठेवतात आणि अंगाचा भार पुढच्या पायावर घेतात. बदकासारखं चालतात म्हणा ना. बुटाला खालून चढवायचे रबरी पट्टे मिळतात, त्यांना बारीक खिळे असतात. स्वीडनमधल्या काही नगरपालिकांनी हे पट्टे पासष्टीच्या पुढच्या लोकांना फुकट वाटलेले आहेत. फूटपाथवर बारीक खडी टाकतात. ती बुटाखाली करकरते, आणि तो आवाज आला की जिवाला बरं वाटतं.

आणखी एक गोष्ट. बर्फ पडणाऱ्या कुठल्याही शहरात रस्ता साफ करायला पुढे पातं लावलेली मोठी गाडी येते. ती बर्फ ढकलते. ढकललेला बर्फ कुठे जातो? कडेला. कडेला काय असतं? फूटपाथ आणि बसथांबा. म्हणजे मोटारीचा रस्ता मोकळा होतो आणि त्याच कामामुळे चालणाऱ्यापुढे गुडघाभर बांध तयार होतो. मोटार दहा सेंटिमीटर बर्फातून जाऊ शकते. बाबागाडी घेऊन दहा सेंटिमीटर बर्फातून जाऊन बघा. चाकांची खुर्ची घेऊन जाऊन बघा. काठी टेकत जाऊन बघा.

म्हणून एका सकाळी मी खिडकीतून जे पाहिलं त्याचं मला नवल वाटलं. रात्रभर बर्फ पडला होता. सहा वाजले असतील, बाहेर मिट्ट काळोख. दिवा लावलेलं एक छोटं यंत्र आलं आणि आमच्या इमारतीसमोरची पायवाट साफ करून गेलं. मोटारींचा तळ तसाच, गाड्या बर्फात अर्ध्या बुडालेल्या. मी लेकीला म्हटलं, "अगं, हे उलटंच करतायत. आधी गाड्यांचं करायला नको का? लोक कामाला कसे जाणार?"

लेक बाळाला पाजत होती. ती म्हणाली, "आई, तू आणि मी नऊ वाजता बाळाला घेऊन निघणार आहोत, ते काम नाही का?"

मैत्रिणींनो, वीस-बावीस वर्षं मी या चळवळीत आहे. घरकाम हे काम आहे असं मी किती सभांमधून सांगितलं असेल. आणि माझ्याच तोंडून निघालं, की 'लोक' कामाला कसे जाणार. लोक म्हणजे मोटारवाले. आपल्या डोक्यात हे किती खोल बसलेलं असतं ते पाहा.

पुढे जानेवारीत मी पडले. दोष कुणाचा नाही, माझाच. चांगली खडी टाकलेली वाट सोडून मी जवळची म्हणून गवतावरची वाट धरली, आणि पायात तेच आपल्याकडचे बूट. उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. दवाखान्यात प्लॅस्टर घालताना तिथल्या परिचारिका हसून म्हणाल्या, की जानेवारीत आमच्याकडे तुमच्याच वयाच्या बायका येतात आणि त्यांचं मनगटच मोडलेलं असतं. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात हे आपल्याला माहीत आहे. पण तेवढंच कारण नाही. पडायला आधी चालावं लागतं. ज्या जास्त चालतात त्या जास्त पडतात.

मला सहा आठवडे नातवाला उचलता आलं नाही. बाळंतपण करायला गेलेली बाई स्वतःच पाहुणी होऊन बसली. त्या रिकामपणात मी लेकीला त्या सकाळच्या यंत्राबद्दल खोदून खोदून विचारलं. शेजारी एक निवृत्त बाई राहायच्या, त्यांनी काही सांगितलं. परत आल्यावर मी आणखी वाचलं. ते आता तुमच्यापुढे ठेवते.

स्वीडनमध्ये कार्लस्कूगा नावाचं एक लहान शहर आहे. आल्फ्रेड नोबेल शेवटच्या काळात जिथे राहत असे तेच. २०११ च्या सुमाराला तिथल्या नगरपालिकेनं ठरवलं, की आपला प्रत्येक निर्णय स्त्री आणि पुरुष दोघांच्या दृष्टीनं तपासून बघायचा. तेव्हा एक अधिकारी चेष्टेनं म्हणाला म्हणे, की निदान बर्फ काढण्याच्या कामात तरी हे समानतावाले नाक खुपसणार नाहीत. बर्फाला कसलं आलंय स्त्री-पुरुष! पण त्या चेष्टेमुळेच कुणीतरी ते काम तपासायला घेतलं.

तेव्हा क्रम असा होता : आधी मोठे, वाहतुकीचे रस्ते. शेवटी फूटपाथ आणि सायकलवाटा. कुणी मुद्दाम बायकांना त्रास द्यायला हा क्रम लावला नव्हता. वर्षानुवर्षं तो तसाच चालत आला होता. पण मोठ्या रस्त्यानं मोटारीतून सरळ कामावर जाणाऱ्यांत पुरुष जास्त होते, आणि फूटपाथवरून, बसनं, दहा थांबे घेत फिरणाऱ्यांत बायका जास्त होत्या. म्हणजे वरवर कुणाचंच नाव न घेणारा नियम प्रत्यक्षात पुरुषांच्या फेरीला आधी वाट देत होता. मग त्यांनी क्रम उलटा केला. चालणारे आणि बसनं जाणारे आधी. पाळणाघरांच्या आसपासच्या वाटा आधी. मोठे रस्ते त्यानंतर. यात जादा खर्च आला नाही. तीच यंत्रं, तीच माणसं. फक्त आधी काय आणि नंतर काय, एवढंच बदललं.

आणि पुढे त्यांच्या लक्षात आलं, की हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. उत्तर स्वीडनमध्ये उमिओ नावाचं शहर आहे. तिथल्या पाहणीत असं दिसलं, की पायी चालणाऱ्यांना होणाऱ्या इजांपैकी ७९ टक्के हिवाळ्यात होतात, आणि कुणाचा धक्का न लागता आपोआप घसरून पडलेल्यांत ६९ टक्के स्त्रिया होत्या. इथे मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मोटारीला मोटार धडकली तर त्याला आपण अपघात म्हणतो, पोलीस येतात, नोंद होते. बाई एकटी घसरून पडली तर म्हणतो, "जरा बघून चालायचं ना!" तो अपघात होत नाही, तिचा धांदरटपणा होतो. बर्फ काढण्याचा खर्च रस्त्यांच्या हिशोबात दिसतो. मोडलेल्या हाडाचा खर्च दवाखान्याच्या हिशोबात जातो. आणि हाड मोडलेल्या बाईच्या घरी तिचं काम कोण करतं, तिची सेवा कोण करतं, त्याचा खर्च कुठल्याच हिशोबात जात नाही.

आता तुम्हाला वाटेल, की बाई परदेशाचं कौतुक करायला उभी राहिली. तसं नाही. तिथेही या गोष्टीची भरपूर टर उडवली गेली. स्टॉकहोमनं २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून हाच क्रम घ्यायला सुरुवात केली. पुढच्याच हिवाळ्यात, ९ नोव्हेंबर २०१६ ला, शहरात ३९ सेंटिमीटर बर्फ साचला. नोव्हेंबरातला एवढा बर्फ १९०५ पासूनच्या नोंदींत नव्हता. बसगाड्या अडकल्या, लोक तासन् तास खोळंबले. आणि लगेच ओरड सुरू झाली : बघा, 'स्त्रीवादी बर्फसफाई'नं शहर बुडवलं! जगभरच्या वर्तमानपत्रांतून चेष्टा झाली. पण त्या दिवशी फूटपाथ तरी कुठे साफ झाले होते? चालणाऱ्यांनीही तक्रारी केल्याच. म्हणजे नवा क्रम फसला असं म्हणण्यापेक्षा, एवढ्या बर्फापुढे यंत्रणाच पुरी पडली नाही असं म्हणायला हवं. पण बाईचं नाव घेऊन केलेल्या गोष्टीला दुसरी संधी सहज मिळत नाही. पुरुषी व्यवस्था शंभर वेळा फसली तर तो पाऊस जास्त झाला, बर्फ जास्त पडला असं असतं. आपली एकदा फसली की सगळी विचारसरणीच चूक ठरते. हे आपण पंचायतीतल्या बायकांच्या बाबतीत नाही का पाहिलं?

दुसरी एक शंका मला लेकीच्या घरीच आली. तिथे बाबागाडी ढकलणारे बाप्येही खूप दिसतात. आईची बाळंतपणाची रजा बदलून आई-बाप दोघांसाठी पालकत्वाची रजा करणारा स्वीडन हा पहिला देश. ते झालं १९७४ साली. आज एका मुलामागे ४८० दिवसांची रजा असते आणि त्यातले ९० दिवस प्रत्येक पालकासाठी राखून ठेवलेले असतात, ते दुसऱ्याला देता येत नाहीत. मी परतायच्या सुमाराला आमच्या जावयांनीही थोडे दिवस रजा घेतली. मग ते बाळाला घेऊन बालआरोग्य केंद्रात जायला लागले, आणि आठवड्याभरात मला म्हणाले, "आई, त्या वळणावर अजून खडी टाकलेली नाही, जपून जा." दोन वर्षं ते त्याच भागात राहत होते. ते वळण त्यांना पहिल्यांदाच दिसलं! तेव्हा मला वाटलं, की फूटपाथ बाईचा आणि रस्ता पुरुषाचा असं काही नसतं. फूटपाथ हा सांभाळणाऱ्या माणसाचा असतो. सांभाळण्याचं काम आज बायकांच्या गळ्यात आहे म्हणून तो बायकांचा झालाय. पुरुषानं मूल हातात घेतलं की त्यालाही तो दिसायला लागतो.

आणखी एक उदाहरण देते. माझी एक मैत्रीण शिकागोत असते. तिथला नियम असा, की रस्त्यावरचा बर्फ पालिका काढणार, पण घरासमोरच्या फूटपाथवरचा बर्फ घरमालकानं काढायचा. आपण चळवळीत नेहमी खाजगी आणि सार्वजनिक असं बोलतो. हे त्याचं डोळ्यांना दिसणारं रूप आहे. मोटारीची वाट सार्वजनिक, पैसे सरकारचे. पायाची वाट खाजगी, ज्याची त्यानं बघावी. एका घरानं काढला, शेजारच्यानं नाही काढला, की बाबागाडी तिथेच अडली. टोरोंटोमध्ये शहराच्या जुन्या मध्यभागात असंच होतं. लोकांनी, विशेषतः अपंग आणि वृद्ध नागरिकांनी, सतत मागणी केली. २०२१-२२ च्या हिवाळ्यापासून तिथल्या पालिकेनं सगळ्या फूटपाथांचं काम आपल्याकडे घेतलं. म्हणजे मागितलं तर मिळतं, उशिरा का होईना.

आता कबूल केल्याप्रमाणे तुम्हाला आपल्या गल्लीत आणते.

परत आल्यावर पहिल्याच पावसाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पाच घरी भांडी-धुणं करायच्या. आमच्या इमारतीजवळच्या फूटपाथवर पेव्हर ब्लॉक बसवलेत. त्यातले निम्मे हलतात, उरलेल्यांवर शेवाळ. सकाळी साडेसहाला, अंधुक उजेडात, मावशी तिथे घसरल्या. उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. माझं जिथे मोडलं होतं, अगदी तिथेच.

पण दोन मनगटांत फरक किती! माझा प्रवासाचा विमा होता. मला लेकीनं भरवलं, जावयांनी भांडी घासली. मावशींच्या हाताला प्लॅस्टर म्हणजे पाचही घरांचं काम बंद. मी पगार चालू ठेवला. सांगण्यासारखं त्यात काही नाही, तेवढं करायलाच हवं होतं. पाचातल्या दोन घरांनी लगेच दुसरी बाई ठेवली. दोघांनी 'बघू' म्हटलं. दोन महिन्यांनी हात सुटला तेव्हा त्यांच्याकडे पाचाऐवजी तीन घरं उरली होती. आणि जिन्यात जी चर्चा झाली ती काय? "मावशी फार घाईत चालतात." पाच घरं सकाळी अकराच्या आत उरकायची असतील तर बाई घाईत चालणार नाही तर काय करणार?

त्याच पावसाळ्यात आमच्या समोरच्या मोठ्या रस्त्यावरचे खड्डे दोनदा बुजवले गेले. ते बुजवायलाच हवेत, खड्ड्यांनी माणसं मरतात. माझं म्हणणं एवढंच, की हा क्रम कोण ठरवतं? आधी मोठा रस्ता, मग आतला, आणि फूटपाथ उरलंच काही तर. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण चार महिने पाऊस पडतो. चिखल, शेवाळ, झाकण नसलेली गटारं, उघडे राहिलेले चर. आणि फूटपाथवर लावलेल्या दुचाक्या. इथे एक खुलासा करते. फूटपाथ मोकळे करा म्हटलं की पहिली गदा भाजीवालीवर येते. मी ते म्हणत नाही. तिची टोपली फूटपाथवर आहे म्हणून तर मला घरी जाताजाता भाजी मिळते. तीही त्याच फूटपाथवरची कामकरी बाई आहे. अडचण तिची नाही, तिच्या मागे उभ्या केलेल्या मोटारीची आहे.

आपली मोजणीसुद्धा बघा. २०११ च्या जनगणनेत कामावर कसे जाता, पायी, सायकलनं, बसनं की आणखी कशानं, असा प्रश्न होता. त्यात पुरुषांपेक्षा बायकांमध्ये पायी जाणाऱ्यांचं प्रमाण जास्त दिसलं. पण हा प्रश्न विचारला कुणाला? शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणारे म्हणून ज्यांची नोंद झाली, त्यांनाच. जी बाई मुलाला शाळेत सोडते, रेशनला जाते, सासऱ्यांना दवाखान्यात नेते, तिच्या पावलांची त्यात नोंदच नाही. ती कुठे जातच नाही! २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी झाली. त्यात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात असं निघालं. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. या २९९ मिनिटांतली कितीतरी मिनिटं रस्त्यावर, पायी जातात. ती घरात होत नाहीत. घरकाम घरात होतं हाही एक गैरसमजच आहे.

म्हणून माझं आजचं सांगणं एका वाक्याचं आहे. शहर आधी कुणाची वाट मोकळी करतं, त्यावरून ते कुणाच्या कामाला काम समजतं ते कळतं.

आणि हे बदलायला दर वेळी मोठा निधी लागतो असं नाही. कार्लस्कूगानं क्रम बदलला. आपणही क्रमाचाच प्रश्न विचारू या. मी तीन गोष्टी सुचवते.

पहिली. आपल्या प्रत्येक वस्तीगटानं एक आठवडा वही ठेवायची. आज कुठे कुठे चालत गेलात, हातात काय होतं, बरोबर कोण होतं, कुठे रस्त्यावर उतरावं लागलं, कुठे घसरलात. लिहिता येत नसेल तिचं दुसरीनं लिहायचं. घरकामगार मैत्रिणींच्या वह्या त्यात हव्यातच, कारण आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त त्या चालतात. या वह्यांवरून आपल्या भागाचा नकाशा काढायचा. मोठ्या रस्त्यांचा नाही, पावलांचा.

दुसरी. पावसाळ्याआधीच्या कामांचं नियोजन उन्हाळ्यात होतं. म्हणजे आपल्या हातात फार दिवस नाहीत. वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारायचं, की या वर्षी कोणत्या रस्त्यांची कामं आधी आणि कोणत्या फूटपाथांची कधी, आणि हा क्रम कुठल्या आधारावर लावला? तोंडी सांगितलं नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात महापालिकांमधल्या निम्म्या जागा २०११ पासून कायद्यानं स्त्रियांसाठी राखीव आहेत. या प्रश्नावर आपल्या भागातल्या नगरसेविकांना बरोबर घ्यायचं. त्याही कधीतरी मुलाचा हात धरून चालल्या असतीलच. मागणी सोपी ठेवायची : शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रेशन दुकान आणि बसथांबा यांच्याकडे जाणाऱ्या पायवाटा आधी.

तिसरी गोष्ट आपल्याच घरातली आहे. कामाला येणारी बाई आजारी पडली, वाटेत पडली, तर तिचा पगार कापायचा नाही आणि तिची जागा दुसरीला द्यायची नाही. पालिकेकडे मागायचं ते मागूच. पण जी गोष्ट आपल्या हातात आहे ती आधी करू. क्रम तिथेही आहेच.

मावशी आज या सभेला आल्या आहेत. उजवीकडे तिसऱ्या रांगेत बसल्यात. सकाळी मी त्यांना विचारलं, की तुमची गोष्ट सांगू का? त्या म्हणाल्या, "सांगा. पण ते ब्लॉक अजून हलतात, तेवढं पण सांगा."

सांगितलं. वह्या बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येकीनं एक उचला.